माळ्यावरची पलटण

सर, राखणदाराच्या कोनाड्यातले बिल्ले मी उचलले. एक सोडून सगळे. आता तिथल्या फळीवर जे झळकतंय ते खोटं आहे, माझ्या हातचं आहे, आणि अख्खं गाव त्याला उदबत्ती ओवाळतंय.

तुम्ही असतात तर आधी माझा कान पिळला असतात आणि मग विचारलं असतंत, "कित्या रे मेल्या?" तुमची पद्धतच ती. शिक्षा आधी, चौकशी मागाहून. आता कान तुमच्या हाताला लागणार नाही, म्हणून नुसतं 'कित्या', म्हणजे का, तेवढं सांगायला बसलोय. मराठीत लिहितोय, कारण मालवणीत लिहायला घेतलं की माझ्या हातून दुसऱ्या ओळीत शिवी जाते, आणि तुमच्यासमोर शिवी म्हणजे मैदानाला फेऱ्या. दहावीत आपटलेल्या माणसाचं शुद्धलेखन आहे, सांभाळून घ्या. तसे तुम्हीही पी.टी.चेच सर, तुम्हाला तरी ऱ्हस्व-दीर्घ कुठे कळायचं.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण तुम्ही जिथे आहात तिथे शेजारी बसून कोणी परका वाचत असेल तर त्याला कळावं म्हणून सांगतो. आमच्या गावच्या शिवेवर, मळ्याच्या वरच्या अंगाला, किंजळाच्या झाडाखाली राखणदार आहे. मूर्ती नाही, नुसता पाषाण, आणि बाजूला दगडी कोनाडा. तो रोज गावाची शीव फिरून पहारा देतो. बाकीच्या गावांत राखणदाराला कोणी वहाणा देतात, कोणी घोंगडी, कोणी विडी. आमच्या गावात टोपी देतात, तीही पलटणीतली. फार मागे आमच्यातला कोणी लामावर गेला होता, समुद्रापलीकडच्या लढाईवर. जाताना याला सांगून गेला म्हणे, की तू हय पहारो दी, मी थंय देतंय, धड इलंय तर माझी टोपी तुका. धड आला. टोपी दिली. तेव्हापासून आमच्या गावातला जो कोणी पलटणीतून सुखरूप परत येतो, तो एसटीतून उतरला की आधी कोनाड्यात टोपी ठेवतो आणि मग घरी जाऊन आईच्या पाया पडतो. टोपीचं कापड पाऊस आणि कसर खाते. अगदीच जाळी झाली की ती खाडीत सोडायची, आणि तिच्यावरचा पितळेचा बिल्ला तेवढा काढून कोनाड्यातल्या फळीवर बांधायचा. त्या फळीवर आमच्या गावाचं सगळं शौर्य टांगलेलं आहे. म्हणजे होतं.

पण आमचं गाव पडलं स्वच्छतेचं. वर्षातून एकदा राखणदाराला राखण देतात, कोंबडा, भात आणि बाटलीतलं थोडं. त्याच्या आधी फळी खाली उतरते आणि बाया गोल बसून बिल्ले घासायला घेतात. आमसूल आणि चुलीतली राख, देवळातल्या समया घासतात तसंच. प्रेमाने घासतात हो. ज्या घरातला बिल्ला त्या घरातली बाई जरा जास्तच जोर लावते. आणि त्या जोरात बिल्ल्यांवरचं जवळजवळ सगळं गेलं. सगळ्यात जुन्यांवर मुकुट राजाचा होता की राणीचा तेसुद्धा आता सांगता येत नाही. बोट फिरवलं की लागतं काय, तर चघळून चघळून बाहेर काढलेली पेपरमिंटची गोळी. जगात दुसरीकडे लोक असले बिल्ले चोरतात, विकतात. आमचे लोक घासून संपवतात, आणि संपला की लांब धरून म्हणतात, "काय झळाळता मां!"

मला ही अक्कल जन्मतः नव्हती. ती तुम्ही दिलीत, आणि त्याला कारण ती कुर्ली.

पंधरा ऑगस्ट. मी सातवीत. तुम्ही ऑफिसच्या टेबलावर टोपी ठेवून आरशात मिशी सारखी करताय. ती तुमची पलटणीतली, होडीच्या आकाराची, बाजूला कलती घालायची टोपी, उलटी ठेवली की खरंच वाटावं आता वल्हं मारा आणि जा. माझ्या खिशात सकाळीच ओढ्यात पकडलेली कुर्ली, बोटभर खेकडी, पण नांग्या जाग्या. होडी दिसली, मी प्रवासी बसवला. तुम्ही टोपी चढवलीत, बाहेर आलात, "सावधान" दिलंत, झेंडा वर गेला, सलामीला हात गेला, आणि मी पहिल्या रांगेतून बघतोय. टोपी आपोआप हलतेय. आधी पुढे, मग कानाकडे. तुमचा कान लाल झालाय. राष्ट्रगीत पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत झालं आणि तुमची पापणी लवली नाही, सर. हात खाली आला, "विश्राम" दिलंत, मग शांतपणे टोपी काढलीत, कुर्ली मागच्या पायांना धरून वर केलीत आणि म्हणालात, "कोणाची रे ही? सारात घालूक बारीक आसा."

अख्खी शाळा हसली. हेडमास्तर हसले. मी एकटा हसलो नाही. तिथेच पकडला गेलो.

मला वाटलं होतं छडी बसेल. तुम्ही म्हणालात, "शनवारी शाळा सुटल्यार घराक ये." शनिवारी आलो तर तुमच्या स्वयंपाकघराच्या पायरीवर मला बसवलंत, हातात टोपीवरचा बिल्ला दिलात, आणि काकीला म्हणालात, "गो, हेका वायंच आमसूल दी. ह्यो आजपासून माझो ऑर्डरली." काकी चुलीवर घावणे घालत होती. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "ह्योच काय तो कुर्लीवालो?" आणि पहिला घावणा मला दिला. तेव्हापासून माझी तुमच्यापेक्षा तिच्याशीच जास्त दोस्ती. तुमचा हुकूम एकच होता, बिल्ल्यात तोंड दिसेपर्यंत घरी जायचं नाही. मी म्हटलं, "सर, माझा तोंड बगूक इतको त्रास कित्या?" तुम्ही म्हणालात, "तुका नाय, बिल्ल्याक त्रास. तरी तो बगता."

पायरीवरचे ते शनिवार. किती ते मोजले नाहीत, पण शिक्षा कधीच संपून गेली होती आणि मी येतच राहिलो. बिल्ला उलटा करून बघायला तुम्ही शिकवलंत. ठोकून काढलेला असेल तर मागून पोकळ, पुढचा सिंह मागे खड्ड्यासारखा दिसतो. ओतलेला असेल तर मागून भरीव, सपाट आणि हाताला जड. तुमच्या स्वतःच्या बिल्ल्याचं गुपितही तिथेच सांगितलंत. कारखान्यात ठोका चुकून दोनदा पडलेला, म्हणून बिगुलाच्या वर सिंहांच्या पाठीमागे सिंहांची सावली उमटलेली, केसाएवढी. "सगळ्यांका तीन सिंह दिसतत, माका सहा आसत," असं तुम्ही सांगायचात, जणू काही सरकारने तुमची खास सोय केली होती. मी एकदा विचारलं, "सर, तुम्ही टोपी राखणदाराक कित्या देवक नाय?" तर म्हणालात, "रिटायर झालंय खंय? आदी एक पलटण होती, आता तुमची पलटण आसा. ती परवडली पण तुमची नको."

आणि मग एकदा तुम्ही ट्रंकेतून तो काळवंडलेला बिल्ला काढलात. तुमच्या आजोबांचा. मागचा अडकवायचा एक कान तुटलेला, मुकुट मात्र अजून टोकदार. मी सवयीने आमसूल उचललं, तर तुम्ही माझा हात धरलात. "हेका घासू नको. ह्यो तुका ठेव." मी विचारलं, तुमचा घासायचा आणि हा नाही, असं का? तुम्ही तुमचा बोटावर नाचवत म्हणालात, "ह्यो कामार आसा. तो निजलो हा. निजलेल्याक उठवतत काय?"

माझ्या जमवाजमवीतला पहिला बिल्ला तो.

तुम्ही गेलात ते मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, म्हणजे तिथेही शिस्त. काकीने तुमची टोपी राखणदाराला दिली. मी तिच्याबरोबर होतो. ती कोनाड्याला म्हणाली, "घेवा. उशिरान इलो, पण इलो." एवढंच. आणि परत येताना मला म्हणाली, "तू येय रे शनवारचो. घावणे एकटीक खावक नाय होत."

आता माझं सांगतो. शाळेत नापास झालो, पण गणपतीच्या शाळेत पास आहे. गणपतीचे साचे काढतो, डोळे रंगवतो. माझ्या हाताला माती ऐकते. कोनाड्यातल्या जाळी झालेल्या टोप्या खाडीत सोडायचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हा गावाला वाटलं, पोरगं सुधारलं. मी टोप्या घेऊन खाडीपर्यंत जायचो हे खरं. तिथे त्यांना पाणी दाखवायचो हेही खरं. मग घरी आणायचो. कोमट पाण्यात रिठ्याने धुवायची, सावलीत सुकवायची, फाटलं असेल तिथे आतून मलमल लावायची, वरून टाका दिसता कामा नये, आणि कापूर घालून ठेवायची. पण कापडाची टोपी घडी करून ठेवली की घडीवर मरते, तिला डोकं लागतं. मी डोकी दिली. असोले नारळ, म्हणजे न सोललेले, सोडणासकट. माळ्यावर फळ्या मारल्या, नारळ ओळीने बसवले आणि प्रत्येकाला त्याची टोपी. होड्या आहेत, डब्यासारख्या गोल आहेत, एक तर इतकी जुनी की तिला हनुवटीखालून पट्टा आहे आणि पट्ट्याच्या कातड्यावर कोणाच्यातरी घामाचा डाग अजून आहे. मागच्या बाजूचं सोडण जरा उकलून शेंड्या सोडल्यात, त्यामुळे मागून बघितलं तर वाटतं हजामत राहिलेली पलटण उभी आहे. तुमची टोपी सगळ्यात चांगल्या नारळावर आहे. तो नारळ तुमच्यासारखाच आहे, मोठा आणि आतून आवाज न करणारा.

आई पहिल्यांदा माळ्यावर चढली ती किंचाळून खाली आली. आता सवय झाली. पाहुण्यांना सांगते, "आमच्या माळ्यार पलटण आसा. राशन लागना नाय तां बरा."

एक गंमत सांगतो, म्हणजे गंमत नाही, पण तुम्हाला आवडेल. मध्ये धामापूरचं तळं बघायला आलेले एक मोठे निवृत्त साहेब कुठूनसं ऐकून आमच्याकडे आले. चांगले उंच, माळ्यावर वाकूनच उभे राहावं लागलं. त्यांनी सगळ्या टोप्या बघितल्या. हात लावायच्या आधी विचारत होते, "लावू का?" मग इंग्रजी-मराठीत म्हणाले, कलेक्शन फारच चांगलं आहे, किती गावांतून जमवलंत? मी म्हटलं, "साहेब, एकाच." ते म्हणाले, "कुठल्या?" मी म्हटलं, "ह्याच." छपराला डोकं लागत होतं तरी सरळ व्हायला बघत होते. सर, मी आयुष्यात शंभर लोकांना गप्प केलंय, फटाका लावून, खोटा साप टाकून. पण नुसतं खरं सांगून एवढ्या मोठ्या माणसाला गप्प केलं ते पहिल्यांदा. त्या दिवशी मी जेवलो नाही, पोट अभिमानानेच भरलं होतं.

टोप्या वाचल्या, बिल्ले राहिले. वर्षाला थोडे थोडे झिजत होते ते मी बघत होतो, पण अजून वेळ आहे असं वाटायचं. या वर्षी राखणीच्या आधी बैठक झाली. आमच्यातलाच एक मुंबईकर, तिकडे बुलेटचे सायलेन्सर आणि चाकं चकचकीत करून देतो, तो उठला आणि म्हणाला, बायांनी कित्याक हात मोडून घ्यायचे, मी माझं पॉलिशचं मशीन आणतो, एका तासात सगळे बिल्ले सोन्यासारखे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर, ते मशीन मी बघितलंय. लोखंडाची साल काढतं ते. या बिल्ल्यांवर उरलं होतं ते एका फेरीत साफ झालं असतं. ज्या दोन-चार बिल्ल्यांवर अजून अक्षरं होती त्यांवरची अक्षरं, आणि तुमच्या सहा सिंहांतले तीन.

मी उभा राहिलो. बैठकीत मी बोलायला उभा राहिलो की लोक आधी आपापल्या चपला जागेवर आहेत का ते बघतात. मी म्हटलं, "मशीन नको. आणि ह्या वर्साक घासूचाच नको. जां आसा तां ऱ्हवांदे."

गावचे मुख्य मानकरी, दात नाहीत पण आवाज आहे, ते म्हणाले, "कित्या? देवाचा देणा काळा ठेवचा?"

"काळा नाय ओ काका. तां जुना आसा."

"मी पण जुनो आसंय. म्हणान काय आंघोळ करू नको?"

सगळे हसले. मी म्हटलं, "काका, तुमका घासून घासून नाक गेला तर चलात काय? त्या बिल्ल्यांचा तसाच चल्लाहा." मागून आवाज आला, "बसव रे तेका खाली! शिमग्यात माझ्या स्कूटरीक गोवऱ्यांचो हार घातल्यान, नि आता देवाचा सांगूक उठलो."

हार मीच घातला होता. खोटं इतकं मन लावून केलं होतं की खरं बोलायला गेलो तर तेही त्याच हिशेबात गेलं. खाली बसलो. मशीन ठरलं. वर मानकरी म्हणाले, "तू रंगवतंस मां? कोनाडो रंगवून दी. तेवढा तरी शाण्यासारखा कर."

देव देतो तेव्हा असा देतो. कोनाडा रंगवायचा म्हणजे फळी काढायला हवी. फळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत डोक्यावर घेऊन मी घरी आलो.

माझ्या आयुष्यात मी एवढं मन लावून काम केलं नव्हतं. एकेका बिल्ल्याचा साचा घेतला. नुसता आकार नाही, झीजसुद्धा घेतली. कोणाची आई उजव्या हाताने घासायची म्हणून डावी कड जास्त गेलेली, कोणाचा खालचा कोपरा पोराने चावलेला, ते सगळं. मग साचे घेऊन कुडाळला गेलो. तिथे एक जण देवळातल्या घंटा, समया ओततो. त्याने साचे उलटसुलट केले.

"ह्ये खंयच्या पलटणीचे रे?"

"दशावतारातले."

"दशावतारात पलटण खंय ती?"

"रावणाची. लंकेत पहाऱ्याक नको?"

"रावणाच्या बिल्ल्यार मुकुट?"

"मगे? राजा नाय तो?"

त्याला पटलं. पितळ ओतताना मला म्हणाला, प्रयोग लागला की सांग. मी हो म्हटलं. आता मला रावणाची पलटण असलेला दशावतार उभा करावा लागणार, ते एक वेगळंच लचांड.

कोनाडा रंगवून सुकला. भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं, मी खोट्या बिल्ल्यांची फळी घेऊन गेलो. फळी बसवली आणि हात जोडले. आमच्याकडे देवाला काही सांगायचं तर गाऱ्हाणं घालतात, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. मी एकटाच होतो, म्हणून दोन्ही मीच केलं. "बा देवा राखणदारा, आज तुझा लेकरू तुझ्या दारात लबाडी करता, व्हय म्हाराजा! तुझे झिल, तुझी पोरां, बुलेटच्या मशिनीखाली जातले, म्हणान तेंका मी घराक व्हरतंय, व्हय म्हाराजा! तेंका विकूचा माझ्या मनात इला तर माका घराकडची वाट गावू नये, व्हय म्हाराजा!" शेवटचा व्हय म्हाराजा जरा हळू म्हटला. कारण विकायला मागणारे आहेत, सर. फोनवर आमचा जमवणाऱ्यांचा ग्रुप आहे, त्यात असे लोक आहेत की एका मुकुटासाठी घर गहाण टाकतील. तिथून घरापर्यंत चालत आलो. प्रत्येक वळणावर बघत होतो, वाट तीच आहे ना. तीच होती.

तुमचा बिल्ला तेवढा मी खराच बांधला होता. तुमचाही साचा काढला होता, ओतून आणला होता, सगळ्यांत सुबक तोच झाला होता, पण काकी दर वर्षी स्वतःच्या हाताने तो घासते. तिच्या बोटांना खोटा लगेच कळला असता. म्हणून ठरवलं, त्या दिवशीच, गर्दीत, घासायला द्यायच्या आधी तिची नजर चुकवून बदलायचा. खोटा माझ्या शर्टाच्या खिशात.

तो दिवस आला. मशीन आलं, जनरेटरवर घरघरायला लागलं, पोरं ठिणग्या बघायला पुढे. मुंबईकराने एकेक बिल्ला धरला आणि दोन मिनिटांत आरसा करून दिला. माझी महिनाभराची कारागिरी, चावलेले कोपरे, आयांचे उजवे-डावे हात, सगळं त्या चाकावर उडत होतं, आणि मी बाजूला उभा राहून टाळ्या वाजवत होतो. मानकरी काका बिल्ला डोळ्याजवळ धरून म्हणाले, "बगलंस? आता कसो देव दिसता!" मग माझ्या पाठीवर थाप मारली, "नि तू नको म्हणा होतंस." मी म्हटलं, "चुकला काका." इतकं गोड खोटं मी कधी बोललो नव्हतो.

काकी वाटीत आमसूल घेऊन आली. मशीनवाला म्हणाला, "काकी, तुमचो पण देवा." ती म्हणाली, "माझो मी घासतंय. तुझ्या त्या गिरणीत तूच हात घाल." मग ताटात बाकीचे बिल्ले लावायला मदत करू लागली. एक उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलला. माझ्याकडे तोंड केलं, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, त्यामुळे बघते कुठे ते कळत नाही.

"झिला, ह्या वर्साक बिल्ले जड कशे लागतत रे?"

मी म्हटलं, "काकी, रंग लागलो आसतलो."

"रंगाचा वजन?"

"भारी रंग आसा. मुंबयचो."

तिने ओठ मुडपले, ते हसू होतं की दुसरं काही ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हीच पायरीवर बसून उलटसुलट करून शिकवत होतात तेव्हा ती मागे चुलीपाशीच असायची ना? मला ते तेव्हा सुचलंच नाही. मग तिने तुमचा बिल्ला सोडवला, वाटी माझ्यासमोर सरकवली, आणि बिल्ला माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, "माका आता दिसना नाय. ह्या वर्साक तू घास. तुका येता."

आणि ती तोंड फिरवून बसली, सर. सरळ पाठ करून. डाव्या हातात तुमचा खरा, उजव्या बाजूच्या खिशात खोटा. असली संधी मला आयुष्यात मिळाली नव्हती, आणि न मिळता मी कितीतरी वेळा साधली होती. तुमचा दुहेरी ठोक्याचा बिल्ला. ग्रुपवर मी सांगितलं तेव्हा एकानेही विश्वास ठेवला नव्हता, फोटो मागत होते. बोट फिरवून बघितलं, सावलीचे सिंह अजून लागत होते, अगदी बारीक. पण काकीच्या लेखी हा अजून कामावरच होता, निजला नव्हता. मी आमसूल उचललं.

घासला. बेतानेही नाही, जोर लावून. राख घेतली, परत घासला, पाण्याने धुतला, परत घासला. मशीन चालू होतं म्हणून कोणाचं लक्ष नव्हतं. बोटं काळी झाली. मधला सिंह आधी गेला, मग बाजूचे, सावलीतले. हात थांबत नव्हता. तुमचे तीन सिंह माझ्या अंगठ्याखाली गेले आणि खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. छाती फुगली होती. काकीला दिला तेव्हा तिने तो गालाला लावून बघितला, अजून ओलाच होता, आणि स्वतःच्या हाताने फळीवर बांधला.

खोटा अजून माझ्या त्या शर्टाच्या खिशात आहे. बाकीचे खरे माळ्यावर गेलेत, ज्यांच्या टोप्या वाचल्या ते आपापल्या टोप्यांवर, उरलेले नुसत्या नारळांवर. एक दिवस गावाला वर घेऊन येईन, रांगेत उभं करीन आणि दाखवीन, मग मला मारायचं तर मारू देत. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, नाहीतर पाठवलंही नसतं. त्या बिल्ल्यांचं गावाला कळलं तर एक वेळ चालेल. राखणदाराला तर मीच सांगितलंय. पण ग्रुपवर मी मोठा शहाणा आहे. नव्या पोरांना मीच दम देतो, जुन्या पितळेला हात लावाल तर याद राखा. तुमचा बिल्ला खाडीत पडला असं त्यांना सांगून टाकलंय. मी, या हाताने, आमसूल आणि राखेने तो घासला, आणि पुढच्या वर्षी परत घासणार आहे, हे त्यांना कळलं तर माझी अब्रू जाईल. सर, तुमच्या पाया पडतंय. कोणाक सांगू नकात.